पागडीची चाळ, हात वर करणारा मालक आणि पालिकेची नोटीस

प्रश्न थोडक्यात असा: गिरगावात तळमजला अधिक तीन मजल्यांची, १९४० च्या आधीची चाळ. ४० खोल्या, सगळे पागडीचे (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या भाड्याचे) भाडेकरू, भाडं महिना १८० रुपये. कॉमन संडासाच्या बाजूचा भाग खचलाय. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. वॉर्ड ऑफिसातून ३५३-ब ची, म्हणजे इमारतीची तपासणी करून घ्या अशी नोटीस आली आणि मालकाने जे ऑडिट करून घेतलं त्यात इमारत थेट ‘सी-१’, म्हणजे रिकामी करून पाडायची दाखवली आहे. दाद कोणाकडे मागायची, खर्च कोणाचा, आणि खोली खाली केली तर ती गेली का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याच भीतीपोटी लोक पडायला आलेल्या इमारतीत बसून राहतात. खोली गेली असं होत नाही. धोकादायक ठरवून पालिकेने इमारत रिकामी केली, अगदी जमीनदोस्त केली, तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे हे स्पष्ट केलं: भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा नसतो, त्याखालची जमीनही त्यात येते. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पालिकेला सांगितलं की पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्रफळ मोजून नोंदवा. हक्क शाबूत राहतो, पण तो सिद्ध करायला कागद लागतो. चाळ उभी असताना तो कागद दोन-चार फेऱ्यांत मिळतो; पडल्यावर त्याच कागदासाठी वर्षं जातात. त्यामुळे खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं कागदांबद्दल आहे.

फाइल कोणाकडे आहे ते आधी शोधा

मुंबई शहरात (कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, उपनगरं यात येत नाहीत) जुन्या भाड्याच्या इमारतींवर दोन यंत्रणांची नजर असते. एक महापालिका: मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ खाली, वॉर्डातल्या इमारत व कारखाने विभागामार्फत. दुसरं म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ, ज्याला सगळे ‘रिपेअर बोर्ड’ म्हणतात. १९६९ च्या कायद्याने हे मंडळ आलं आणि पुढे १९७६ च्या म्हाडा कायद्यात सामावलं गेलं. ज्या इमारतींकडून दुरुस्ती उपकर घेतला जातो त्या ‘उपकरप्राप्त’ किंवा सेस इमारती. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, तिथून १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ मध्ये आणि १९५१ ते सप्टेंबर १९६९ च्या ‘क’ मध्ये. तुमची चाळ वयावरून ‘अ’ वर्गातली दिसते, पण वयावरून गृहीत धरू नका.

मालमत्ता कराचं बिल काढा. उपकर पालिकाच म्हाडासाठी वसूल करते, म्हणून तो बिलात वेगळा दिसतो. बिल मालकाच्या नावावर असलं तरी नक्कल वॉर्डाच्या करनिर्धारण विभागातून मिळवता येते. मग रिपेअर बोर्डाच्या तुमच्या विभागीय कार्यालयात जाऊन उपकर क्रमांक लावून पाहा आणि आजवर मंडळाने या इमारतीवर कधी, कोणत्या भागाची, किती रकमेची दुरुस्ती केली याची माहिती मागा. तोंडी विचारू नका. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत.

आणखी एक बारीक गोष्ट तपासा: संडासाचा ब्लॉक किंवा मागची वाढवलेली बाजू मूळ इमारतीचा भाग म्हणून नोंदलेली आहे का? २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळून माणसं गेली, तेव्हा पडलेला भाग उपकरप्राप्त की मागे बेकायदा वाढवलेला, यावरच आधी वाद सुरू झाला. तुमच्याकडे खचतोय तो नेमका संडासाचा भाग. तो नकाशात नसेल तर मंडळ पालिकेकडे बोट दाखवेल आणि पालिका मंडळाकडे. हे आत्ताच कळलेलं बरं.

कोणते कागद, कुठून

भाडेपावत्या, जितक्या जुन्या मिळतील तितक्या. मालक पावती देत नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २६ प्रमाणे तो गुन्हा आहे. तो भाडंच घेत नसेल तर दर महिन्याला बँकेतून पाठवा किंवा चेक स्पीड पोस्टाने पोहोचपावतीसह पाठवा आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेलं पाकीट न फोडता ठेवा. भाडं थकलं तर बाकी सगळी बाजू भक्कम असूनही तुम्ही न्यायालयात आरोपीसारखे उभे राहता.

पावतीइतकाच महत्त्वाचा आणि लोकांना माहीत नसलेला कागद म्हणजे पालिकेच्या करनिर्धारण विभागाचा निरीक्षण उतारा, बोलीभाषेत ‘इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट’. त्यात खोली क्रमांक, भोगवटादाराचं नाव आणि वापर (निवासी की दुकान) असतो. पुनर्विकासात उपकरप्राप्त इमारतीतल्या भोगवटादारांची पात्रता १३ जून १९९६ या तारखेला धरून पाहतात, म्हणून त्या आसपासच्या वर्षाचा उतारा मागा आणि चालू वर्षाचाही. दोन्हींत खोली एकच पण नावं वेगळी असतील, तर मधली साखळी जोडावी लागते: वारसाचे दाखले, पागडी बदलल्याचा करार, मालकाची संमती. आजोबांच्या नावावर पावती आणि राहतो नातू, हे चाळीत घरोघरी असतं. चूक काही नाही, पण मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं ना-हरकत आताच जमवा. भावंडांचं पटत असताना सही लवकर मिळते.

खोली लीव्ह अँड लायसन्सवर दिली असेल तर त्यात राहणाऱ्याला पुनर्वसनाचा हक्क नसतो, हक्क मूळ भाडेकरूचाच.

ऑडिट नीट वाचा

३५३-ब म्हणजे ३० वर्षांवरच्या इमारतीची पालिकेकडे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून दाखला देण्याची जबाबदारी. ती मालकावर आहे आणि भोगवटादारावरही, हे नोटिशीत लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. म्हणजे भाडेकरूंना स्वतःचं ऑडिट करून घेण्याचा पूर्ण अधिकार आहे.

अहवालात इमारत चारपैकी एका वर्गात बसवतात. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडायचा. सी-२ब म्हणजे न हलता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. मालकाला सी-१ सोयीचं, भाडेकरूला सी-२ब सोयीचं, आणि दोघांना आपापल्या सोयीचा इंजिनिअर सापडतो. या बाजारात उतरू नका. तुमच्या इंजिनिअरला आधीच सांगा की खरं काय ते हवं आहे, कारण त्या छपराखाली तुमचीच मुलं झोपतात.

मालकाचा अहवाल हातात घेऊन पाहायचं ते असं. तुमची चाळ आरसीसी नाही; विटांच्या भार घेणाऱ्या भिंती, सागवानी खांब-तुळया आणि संडासाच्या बाजूला बहुधा लोखंडी आय-सेक्शनवर कोबा. अशा इमारतीच्या अहवालात पानंच्या पानं रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्सचे आकडे असतील तर विचारा की ते घेतले कशावर. त्या चाचण्या काँक्रीटच्या. लाकडी चाळीत खरी तपासणी वेगळी असते: तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक उघडून पाहणं, कारण मोरीच्या ओलीने आणि वाळवीने ती तिथेच आधी पोकळ होते आणि खोलीत दिसणारा मधला भाग मात्र ठणठणीत असतो. स्क्रू-ड्रायव्हर टोचून किती आत जातो ते पाहणं. लोखंडी जॉइस्टचा (आडव्या तुळईचा) गंज खरवडून खालच्या पाकळीची उरलेली जाडी मोजणं. भिंत ओळंब्याला आहे का ते मजल्यागणिक पाहणं. अहवालात खोली क्रमांकानिशी फोटो आणि किती ठिकाणी उघडून पाहिलं याची नोंद नसेल, तर तो अहवाल रस्त्यावरून बघून लिहिलेला आहे.

भेगेबद्दल एक साधी गोष्ट तुम्ही आजच करू शकता. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, त्यावर तारीख लिहा आणि फोटो काढा. जुनी, थांबलेली भेग असेल तर पट्टी तशीच राहते; इमारत हलत असेल तर काच तडकते. आठ-दहा ठिकाणी अशा पट्ट्या लावून महिनाभराचे फोटो वॉर्डाला दिलेत तर साहेबांना ते बाजूला सारता येत नाहीत. आणि नोटिशीची वाट न पाहता बाहेर पडायची लक्षणंही सांगून ठेवतो: कालपर्यंत लागणारं दार अचानक अडकणं, रात्री भिंतीतून रेती झरणं, लादीचा उतार बदलणं, लाकूड कडकडल्याचा आवाज. यातलं काही दिसलं तर आधी माणसं बाहेर, फोन नंतर.

इमारत कशाने थकते तेही पाहा, कारण दोष सगळा मालकाचा नसतो. हजार लिटरची पाण्याची टाकी भरली की एक टन वजन, आणि ती कुणीतरी आपल्या खोलीसमोर गॅलरीत बसवलेली असते. जुन्या लादीवर नवी लादी, त्यावर आणखी एक. खोलीत पोटमाळा आणि पोटमाळ्यावर पूर्ण संसार. खोलीत बाथरूम काढलं पण खाली वॉटरप्रूफिंग नाही. तळमजल्याच्या दुकानदाराने शटर रुंद करायला भिंतीचा तुकडा काढला, हे तर सगळ्यात घातक. तुमच्या ऑडिटमध्ये हे सगळं येईल, येऊ द्या. सोसायटी नसली तरी भाडेकरूंची बैठक घेऊन टाक्या खाली उतरवणं आणि गॅलऱ्या मोकळ्या करणं याला कोणाची परवानगी लागत नाही.

दोन अहवाल परस्परविरोधी आले तर पालिका प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे, म्हणजे ‘टॅक’कडे पाठवते. त्यासाठी तुमचा अहवाल नोटिशीच्या मुदतीत वॉर्डात जमा झाला पाहिजे, शिक्क्याच्या पोचसह. नुसता ‘आम्हाला ऑडिट मान्य नाही’ असा चाळीस सह्यांचा अर्ज टॅकपर्यंत पोहोचत नाही. आणि तुमच्या इंजिनिअरनेही सी-१ सांगितलं तर वाद तिथेच थांबवा.

पैसे कोणाचे

कायद्याने दुरुस्ती मालकाची. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ म्हणतं की खोली आणि इमारत राहण्याजोगी ठेवणं त्याचं काम. त्याने टाळलं तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूंनी, एकेकट्याने किंवा एकत्र, दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. तुमचाच हिशेब करा. १८० गुणिले १२ म्हणजे २,१६० रुपये, त्याचा चौथा हिस्सा ५४०. चाळीस खोल्यांचे मिळून वर्षाला २१,६००. एवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंगही होत नाही. म्हणून कलम १४ पैसे वसूल करायला फारसं उपयोगी नाही. नोटीस मात्र जरूर द्या: मालकाला दोष माहीत होता आणि त्याने काही केलं नाही, याचा तो पहिला तारखेचा पुरावा असतो. मालकाचं ‘परवडत नाही’ हेही अर्धंच खरं. कलम ११ प्रमाणे त्याला दरवर्षी ४ टक्के वाढ आणि सुधारणा-दुरुस्तीपोटी कायद्याच्या मर्यादेत वेगळी वाढ घेता येते. बहुतेक मालक ती घेत नाहीत, कारण त्यांना भाड्यात रस नसतो, जमिनीत असतो.

इमारत उपकरप्राप्त असेल तर खरा आधार म्हणजे रिपेअर बोर्ड. म्हाडा कायद्याच्या कलम ८८ खाली मंडळ स्वतःच्या निधीतून संरचनात्मक दुरुस्ती करतं, पण प्रति चौरस मीटर खर्चाची कमाल मर्यादा असते. सरकार ती वेळोवेळी वाढवतं, म्हणून चालू दर विभागीय कार्यालयातून लेखी घ्या. अंदाजपत्रक मर्यादेवर गेलं तर वरची रक्कम भाडेकरूंनी भरायची तयारी दाखवावी लागते; नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. इथेच चाळींचा घात होतो. तिसऱ्या मजल्याचे म्हणतात संडास आमचा नाही, दुकानदार म्हणतो गच्ची माझी नाही, आणि फाइल ‘भाडेकरूंची संमती नाही’ या शेऱ्यावर बंद होते. वर्गणी भाड्यावर नव्हे, क्षेत्रफळावर लावा आणि दुकानाला जास्त दर. हे आधी ठरवून ठराव लिहा, मगच मंडळाकडे जा.

मंडळाकडून आधी मागायचं ते टेकू. तातडीचे टेकू मंडळ देतं, पण ते लावताना उभे राहून बघा. टेकू वरच्या मजल्यापासून जमिनीपर्यंत एका रेषेत हवेत. तिसऱ्या मजल्याचा टेकू दुसऱ्या मजल्याच्या लादीच्या मध्यावर टेकवला आणि खाली काहीच नाही, म्हणजे वरचं ओझं खालच्या कमकुवत तुळईवर आणून ठेवलं. खाली फळी किंवा प्लेट हवी, वर पाचर घट्ट हवी. आणि वाटेत येतो म्हणून टेकू सरकवणाऱ्या शेजाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

चाळ उपकरप्राप्त नसेल, तर पालिकेच्या कायद्यातलं कलम ४९९ बघा: नोटिशीने सांगितलेलं काम मालकाने केलं नाही तर भोगवटादार आयुक्तांच्या मान्यतेने ते करून खर्च मालकाकडून वसूल करू शकतो. पालिका स्वतःही मालकाच्या खर्चाने काम करू शकते, पण खाजगी चाळीत ती बहुधा फक्त पाडण्यापुरती येते.

प्लास्टर, लादी, नळ, ड्रेनेजचा पाइप बदलणं याला पालिकेची परवानगी लागत नाही. खांब, तुळई, भार घेणारी भिंत यांना हात लावायचा तर लागते, आणि सेस इमारतीला मंडळाचं ना-हरकतही. कंत्राटदार ‘साहेब, सगळं रिपेअरमध्ये बसवतो’ म्हणाला तर नोटीस त्याला येणार नाही, तुम्हाला येईल. मधल्या हाऊस गल्लीत मैलापाणी तुंबून पाया भिजत असेल तर तक्रार वॉर्डाच्या घनकचरा विभागाकडे वेगळी करा. ती इमारतीच्या फाइलमध्ये घातली की हरवते.

३५४ आली तर

३५४ ची नोटीस म्हणजे धोकादायक बांधकाम रिकामं करा किंवा पाडा. यानंतर पालिका पाणी आणि वीज तोडू शकते. मालकाला मात्र तो अधिकार नाही, ना नोटिशीआधी ना नंतर. त्याने परस्पर मोटार बंद केली किंवा जिन्याचा दिवा काढला तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली लघुवाद न्यायालयात जा, शिक्षेचीही तरतूद आहे.

खोली सोडण्याआधी पालिकेच्या किंवा मंडळाच्या अभियंत्याकडून मोजमाप झालंच पाहिजे. चटई क्षेत्र, खोली क्रमांक, नाव, आणि सही-शिक्का. पोटमाळा आणि बंद केलेली गॅलरी वेगळी दाखवायला सांगा. ती धरायची की नाही हा वाद नंतरचा, पण नोंदच नसेल तर वादही करता येत नाही. तुम्ही स्वतःही मोबाइलवर टेप दिसेल असा व्हिडिओ करा. पुनर्विकासात विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या ३३(७) खाली निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं, त्यामुळे १२० फुटांच्या खोलीवाल्याला मोजमापाची फिकीर वाटत नाही. ४०० फूटवाल्याने मात्र इंच न् इंच लिहून घ्यावा.

संक्रमण शिबिरात जाणार असाल तर तीन कागद जिवापाड जपा: खाली करण्याची नोटीस (व्हेकेशन नोटीस), गाळा वाटपाचं पत्र आणि तुमची भाडेपावती. तीस-चाळीस वर्षं शिबिरात राहिलेली कुटुंबं मास्टरलिस्टच्या (मूळ इमारत पुन्हा उभी न राहिलेल्या भाडेकरूंच्या म्हाडाच्या यादीच्या) सोडतीत अडकतात ती बहुतेकदा पहिल्याच कागदावर. शिबिर लांब आहे म्हणून नातेवाइकाकडे राहायला जाणार असाल तरी मंडळाला पत्ता लेखी कळवा.

म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ ची नोटीस ही वेगळी गोष्ट. धोकादायक ठरलेल्या सेस इमारतीच्या मालकाला सहा महिन्यांत ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीसह पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्याची संधी. त्याने नाही दिला तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने. तेही झालं नाही तर म्हाडा ताब्यात घेणार. मंडळाने अशा शेकडो नोटिसा काढल्या आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांवर आक्षेप घेतला: इमारत रीतसर धोकादायक ठरलेली नसताना अभियंत्याने परस्पर नोटीस काढता येत नाही. म्हणून तुमच्याकडे ती आली तर आधी वकिलाकडून त्या वादाची आजची स्थिती तपासून घ्या.

पुण्या-ठाण्यातल्या किंवा इतर महापालिकांतल्या वाड्यांना हेच तत्त्व लागू आहे, फक्त तिथे महानगरपालिका कायदा १९४९ चा: धोकादायक इमारतीसाठी कलम २६४, ऑडिटसाठी २६५-अ. रिपेअर बोर्ड तिथे नाही, त्यामुळे कलम १४ ची नोटीस आणि लवकरचं मोजमाप यांचं महत्त्व आणखी वाढतं.

आणि येत्या काही आठवड्यांत मालक किंवा त्याचा बिल्डर छापील संमतीपत्र घेऊन खोलीखोलीत फिरेल. त्यावर ‘अपरिवर्तनीय’ असा शब्द असेल. म्हणजे सही दिली की मागे घेता येत नाही. क्षेत्रफळ, तात्पुरत्या भाड्याची रक्कम आणि ते किती महिन्यांचं आगाऊ, बांधकामाची मुदत, बँक गॅरंटी या चार जागा कोऱ्या असतील तर सही करू नका. फॉर्म ठेवून घ्या, चाळीस जणांचे एकत्र करा आणि एकाच दिवशी, भरलेल्या मजकुरावर, नोंदणीकृत करारासह द्या.